पावती नाही, कपडा बदलायचा आहे: इंदूरच्या दुकानांत काय चालतं, काय नाही

ओवी_सुदामानगर

दिवाळीची खरेदी आटोपली, लग्नसराई तोंडावर आली, आणि "पावती सापडत नाही, दुकानदार कपडा बदलून देईल का" हा प्रश्न पुन्हा पुन्हा येऊ लागलाय. उत्तरं इकडेतिकडे विखुरली आहेत, म्हणून सगळं एका धाग्यात आणूया. जाणकारांनी भर घालावी.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करते, कारण दुकानातली निम्मी वादावादी त्यांची सरमिसळ केल्यामुळेच होते. माप चुकलं, रंग पसंत पडला नाही, घरात कुणीतरी तसाच आणून ठेवला: इथे कपड्यात काही खोट नाही. असा कपडा परत घ्यायलाच हवा असं कुठलंही बंधन दुकानदारावर नाही. त्याने पावतीवर किंवा पाटीवर "७ दिवसांत बदलून मिळेल" असं लिहिलं असेल तर तेवढं तो पाळेल, नसेल तर तो त्याच्या मर्जीचा सौदा. इथे बोलण्याचा सूर विनंतीचा हवा.

दुसरा प्रकार खोट असलेल्या मालाचा. विणीत भोक, शिवण सुटलेली, "प्युअर सिल्क" सांगून भलतंच सूत गळ्यात मारलेलं. इथे तुमचा हक्क आहे आणि भिंतीवरची "बिका हुआ माल वापस नहीं होगा" ही पाटी त्या हक्काच्या आड येत नाही.

दोन्ही प्रकारांत पावती लागते ती एवढ्याचसाठी, की माल याच दुकानातून, अमुक तारखेला, अमुक किमतीला गेला हे कळावं. हे दाखवायला इतरही वाटा आहेत. त्या दुकानाच्या बाजूने कशा दिसतात ते गल्ल्यावरचं कुणी सांगेल तर बरं.

गल्ल्यापलीकडून

सांगतो. पावती मागितली की ग्राहकाला ती टाळाटाळ वाटते. पण बहुतेक दुकानांच्या बिलिंगमध्ये "सेल रिटर्न" करताना जुना बिल नंबर टाकावा लागतो. परत आलेल्या मालाची क्रेडिट नोट, म्हणजे परतीच्या रकमेची चिठ्ठी, काढायची तर तिच्यावर मूळ बिलाचा नंबर आणि तारीख लिहावी लागते, जीएसटीचा तो नियमच आहे. म्हणजे गल्ल्यावरच्या माणसाला तुमच्या हातातला कागद नको असतो, त्यावरचा नंबर हवा असतो. आणि नंबर त्याच्याच संगणकात असतो. तो शोधायला लागणारी माहिती तुम्ही न्यायची.

मोबाइल नंबर दिला असेल तर काम मिनिटाचं. नसेल तर टॅगवरचा बारकोड. यात एक बारकावा आहे. काही दुकानांत प्रत्येक नगाला वेगळा नंबर असतो, स्कॅन करताच तो नग कुठल्या बिलात गेला ते समोर येतं. बाकी ठिकाणी एका डिझाइनच्या एका मापाला एकच कोड, वीस नगांवर तोच. तिथे बारकोडने नुसतं "हा माल आमचा" एवढंच ठरतं, बिल शोधायला तारीख आणि रक्कम लागते.

इथे यूपीआय कामी येतं. अॅपमध्ये तो व्यवहार उघडा. बारा आकडी संदर्भ क्रमांक, तारीख, रक्कम आणि मिनिटापर्यंतची वेळ, सगळं असतं. लोक तो बारा आकडी नंबर पुढे करतात, पण दुकानाच्या बिलावर तो बहुधा छापलेलाच नसतो. खरी कामाची असते ती वेळ. त्या दिवसाची बिलं वेळेनुसार लावली की पैसे गेले त्याच्या आगेमागे पाच-दहा मिनिटांतली मोजकीच बिलं तपासावी लागतात. रक्कम मात्र पूर्ण बिलाची सांगा. तीन कपडे मिळून ३,८५० दिले असतील आणि तुम्ही एका कुर्त्याचे १,१५० सांगत बसलात तर काही सापडणार नाही.

आणखी एक. क्यूआरवर येणारं नाव दुकानाच्या पाटीवरचं असेलच असं नाही. मालकाचं, त्याच्या भावाचं किंवा जुन्या फर्मचं असू शकतं. "या नावाला कधी पैसे दिलेच नाहीत" म्हणून तो व्यवहार ओलांडून पुढे जाऊ नका, तारीख-वेळ जुळवून बघा.

कार्डाने दिले असतील तर बँकेच्या स्टेटमेंटमधली तारीख, रक्कम आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे पुरतात. कार्डाचे पैसे परत होतात ते कार्डावरच, काही कामाचे दिवस घेऊन. हातात रोकड मागू नका, दुकानदार देऊ शकला तरी देत नाही, कारण नंतर बँकेकडूनही उलटी मागणी आली तर त्याचे दुप्पट जातात.

जायची वेळही महत्त्वाची. सकाळी शटर उघडल्या उघडल्या बदलीचा माल घेऊन जाऊ नका. बोहणी व्हायच्या आधी कुणालाही परतीचा माल नको असतो, मन मोडतं आणि उत्तर तुटक येतं. राजवाड्याकडच्या बाजारात संध्याकाळी सहानंतर बोलायला कुणाला फुरसत नसते. दुपारी एक ते चार, शनिवार-रविवार सोडून, ही वेळ धरा. मालक किंवा मॅनेजर जागेवर असतो आणि संगणकासमोर रांग नसते.

ताणाबाणा

गल्ल्यापलीकडून, एक विचारायचं होतं. बिल सापडलंच नाही आणि दुकानदार तरीही बदलून द्यायला तयार झाला, तर किंमत कोणती धरतात?

गल्ल्यापलीकडून

आजची. आणि त्या नगावर मधल्या काळात सेल लागून गेला असेल तर सेलची. दुकानदाराची भीती अशी, की सेलमध्ये ९०० ला घेतलेला कुर्ता कुणी टॅगवरच्या १,८०० ला परत करेल. पावती नसताना तो कमीत कमी भाव धरतो आणि त्याच्या जागी बसून पाहिलं तर ते गैर नाही. तुमच्याकडे यूपीआयची नोंद असेल तर भाव वाढवून घ्यायला तीच कामी येते.

दुसरी भीती वापरून परत करणाऱ्यांची. रिसेप्शनला घालायचं आणि दोन दिवसांनी "माप बसलं नाही". म्हणून काउंटरवर कपडा हातात घेतला की नजर कुठे जाते ते सांगतो: कॉलरची आतली कड, काखेची शिवण, कोपराच्या आतल्या सुरकुत्या, पँटच्या गुडघ्यामागच्या चुण्या, आणि वास. अत्तराचा किंवा डिओचा जरासा वास आला की बोलणं संपलं. घरी घालून बघायचं तर आंघोळीनंतर, काही न लावता, पाच मिनिटं.

टॅगची प्लॅस्टिकची दोरी कापली असेल तर टॅग वेगळा न्या आणि "कापला" असं सरळ सांगा. घरच्या सुईदोऱ्याने पुन्हा अडकवू नका. टॅग नेहमी ठरावीक जागी असतो, बहुधा आतल्या धुलाईच्या लेबलातून किंवा काखेच्या शिवणीतून ओवलेला. जागा बदललेली दिसली की टॅग दुसऱ्या कपड्याचा असल्याचा संशय येतो. शर्ट असेल तर पुठ्ठा, कॉलरखालची पट्टी, टाचण्या, पिशवी, सगळं सोबत न्या. त्या गोष्टी नसल्या तर तो नग नवा म्हणून पुन्हा मांडता येत नाही, आणि नकार बहुतेक वेळा तिथूनच येतो.

मालवी_माणूस

हे सगळं संगणकवाल्या दुकानांचं झालं. सीतलामाता बाजारात गादीवर बसून, रोखीने, कच्च्या चिठ्ठीवर साडी घेतली त्याचं काय? तिथे ना बारकोड, ना मोबाइल नंबर.

गल्ल्यापलीकडून

तिथे माणसाची आठवण हाच संगणक. साडी दाखवणारा सेल्समन शोधा. मालक दिवसाला शेकडो नग पाहतो, सेल्समनला मात्र त्याने उलगडलेली साडी आठवते, कारण त्याच्या नावावर विक्री लागलेली असते. साडीच्या घडीत किंवा खोक्यावर हाताने लिहिलेली छोटी चिठ्ठी असते, तिच्यावर अक्षरांत खरेदीचा भाव आणि आकड्यांत विक्रीचा. ती अक्षरं त्या दुकानाची खासगी लिपी असते. ती चिठ्ठी पाहिली की "माल आमचा नाही" असं कुणी म्हणत नाही. म्हणून साडी आणल्यावर ती फेकू नका.

आणखी एक पुरावा लोकांच्या फोनमध्ये पडून असतो आणि त्यांना सुचत नाही. साडी निवडताना घरच्यांना फोटो पाठवलेले असतात, "ही घेऊ का ती?" म्हणून. त्या फोटोत गादी दिसते, मागची कपाटं दिसतात, कधी दुकानाचं नावही. तारीख-वेळ व्हॉट्सअॅपवर आहेच. हा फोटो शांतपणे दाखवला की बरीच गाठ सुटते.

पक्क्या बिलाच्या वहीत दुकानाकडे कार्बनची प्रत राहते, तारीख सांगितली तर पानं उलटून सापडते. कच्च्या चिठ्ठीचं तसं नाही, ती बरेचदा दुसऱ्या दिवशी उरतच नाही.

एम.टी. क्लॉथ मार्केटबद्दलही एवढं ध्यानात घ्या. तिथला मुख्य धंदा थोकचा. एखाद्या नगाची बदली तिथे रीतच नाही, आणि थानातून कापून दिलेलं कापड कुणीच परत घेत नाही, कारण उरलेला तुकडा कटपीस म्हणून निम्म्यात जातो. कापड खराब निघालं तर गोष्ट वेगळी, पण ते कापायच्या आधी उजेडात पूर्ण उलगडून पाहणं हे तिथल्या खरेदीतच धरलेलं आहे.

अॅड_रामबाग

कायद्याचं थोडं नेमकं लिहिते, कारण व्हॉट्सअॅपवर अर्धवट फिरतं.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९, हा २० जुलै २०२० पासून लागू आहे. त्याच्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापार प्रथा कोणत्या ते दिलं आहे. त्यातल्या दोन आपल्या कामाच्या. विकलेल्या मालाचं बिल न देणं ही एक. सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं ही दुसरी: बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, लिहिली नसेल तर ३० दिवसांत. इथे शब्द "सदोष" आहे. माप न बसलेला चांगला कपडा यात येत नाही, आणि हे ३० दिवस सगळ्या खरेदीला लागू आहेत असं समजून दुकानात कायदा सांगायला गेलात तर दुकानदाराच्या वकिलाला ते एका वाक्यात खोडता येईल.

बिल न देणारा दुकानदार आणि "बिल आणा मग बघू" म्हणणारा दुकानदार एकच असेल, तर ही बाब तक्रारीत ठळक मांडा. बिल न देण्याची चूक त्याची, तिचा फायदा त्याला मिळू नये, हा युक्तिवाद सरळ आहे. जीएसटीत नोंदलेल्या दुकानाला २०० रुपयांच्या आतल्या विक्रीत, ग्राहकाने मागितलं नाही तर, बिल न देण्याची सूट आहे. साडी किंवा कुर्ता त्यात कुठून बसणार?

पावती नसताना खरेदी झाली हे दाखवण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. यूपीआयचं किंवा बँकेचं स्टेटमेंट, टॅग, दुकानाची पिशवी-खोकं, फोटो, मेसेज, हे एकत्र ठेवलं तर चित्र उभं राहतं. एकटी पिशवी काही सिद्ध करत नाही.

पायऱ्या अशा. दुकानात तोंडी सांगून झालं की त्याच दिवशी दुकानाच्या व्हॉट्सअॅपवर किंवा ईमेलवर लेखी पाठवा. हिंदीत लिहा, म्हणजे पुढे कुणाला भाषांतर करावं लागत नाही. चार ओळी पुरतात: तारीख, रक्कम, पैसे कसे दिले, दोष काय, आणि तुम्हाला काय हवं आहे, बदली की पैसे. फोटो जोडा. १५ दिवसांची मुदत द्या. धमकीची भाषा टाळा, हाच कागद पुढे ग्राहक आयोगासमोर जाणार असतो.

उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. सकाळी ८ ते रात्री ८, मराठीतही बोलता येतं. ही हेल्पलाइन निकाल देत नाही, तुमची तक्रार दुकानाकडे पोचवून तडजोड घडवते. मोठ्या साखळी दुकानांच्या बाबतीत याचा उपयोग चांगला होतो, कारण तिथे तक्रार मुख्य कार्यालयाकडे जाते. एकट्या मालकाच्या छोट्या दुकानावर तेवढा दाब पडत नाही.

त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. आपल्याकडे पाटीवर "उपभोक्ता आयोग" लिहिलेलं असतं. खरेदीच्या तारखेपासून नव्हे, तर तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दाखल करायची. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. म्हणजे साडी महेश्वरला घेतली आणि राहणं इंदूरला असेल तरी इंदूरला चालते.

आता व्यवहाराचं. ८०० रुपयांच्या कुर्त्यासाठी आयोगापर्यंत जाऊ नका, १९१५ वर थांबा. १२,००० ची पैठणी किंवा लग्नाचा शालू असेल आणि दोष स्पष्ट असेल, तर जरूर जा.

मालवी_माणूस

बिलच देत नाही अशा दुकानाची तक्रार जीएसटीवाल्यांकडे केली तर?

अॅड_रामबाग

करता येते. मध्य प्रदेशच्या वाणिज्यिक कर विभागाचं मुख्यालय इंदूरलाच आहे, आणि सी.एम. हेल्पलाइन १८१ वरूनही नोंद होते. पण त्यातून तुमचे पैसे परत मिळत नाहीत. ती कारवाई करचुकवेगिरीची. कपडा बदलून घ्यायचा असेल तर हे आधी काढू नका, दुकानदार अंगावर येतो आणि सोपं काम अवघड होतं.

ताणाबाणा

"सदोष" म्हणजे काय हे दुकानात दाखवता आलं पाहिजे. नुसतं "रंग जातो" म्हटलं की समोरून "पहले धोने में थोड़ा तो जाता है" हे उत्तर ठरलेलं. म्हणून घरी तपासून, फोटो घेऊन जा.

रंगासाठी: पांढरा, धुतलेला सुती रुमाल घ्या. कपड्याच्या आतल्या बाजूला, शिवणीतल्या जास्तीच्या कापडावर, आधी कोरडा रुमाल बोटावर ताणून दहा वेळा एकाच रेषेत घासा. मग दुसरी कोरी जागा पाण्यात भिजवून, पिळून, तसंच दहा वेळा. प्रयोगशाळेतलं यंत्रही हेच करतं, दहा फेऱ्या, ठरावीक दाबाने. कोरड्या रुमालावरच रंग उतरला तर माल खराब, वाद नको. ओल्यावर हलकी छटा आली तर गडद लाल, काळा, निळा यांत ते चालवून घेतात. निळीच्या डेनिमवर ओला रुमाल निळा होणारच, ती त्या रंगाची जातच आहे.

बाग छपाईबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण इंदुरात ती खूप विकली जाते आणि गैरसमजही तेवढेच. धार जिल्ह्यातल्या बागची ही ठशांची छपाई. लाल आणि काळा हे तिचे मुख्य रंग. पहिल्या एक-दोन धुण्यांत जास्तीचा रंग पाण्यात येतो, बादली गुलाबी दिसते. हा दोष धरत नाहीत. पण त्याच कपड्याची पांढरी जमीन गुलाबी झाली, किंवा ठशाची कड फुटून रंग पसरला, तर धुलाई-पक्कं काम नीट झालेलं नाही. फोटो घेताना बादलीचा घेऊ नका, पांढऱ्या जमिनीचा घ्या. शेजारी न धुतलेला तुकडा किंवा खरेदीच्या वेळचा फोटो ठेवा, म्हणजे फरक दिसतो.

आटण्याचं मोजमाप टक्क्यांत सांगा. कुर्ता ४४ इंच होता, धुवून ४२ झाला, म्हणजे साडेचार टक्के. विणलेल्या सुती कपड्यात तीनेक टक्के व्यापारात चालवून घेतात, त्यावर गेलं की बोलायला जागा आहे. मोजताना कपडा पूर्ण वाळलेला, सपाट, न ताणता. लांबी खांद्याच्या वरच्या टोकापासून, दोन्ही बाजूंनी. मूळ माप माहीत नसेल तर दुकानात त्याच मापाचा नवा नग मागून शेजारी ठेवा, हा सगळ्यांत बिनतोड मार्ग. लेबलवर "कोमट पाणी" लिहिलं असताना गरम पाण्यात धुतलं असेल तर मात्र दावा राहत नाही.

सिल्कचं प्रकरण जास्त पैशांचं असतं. पदराच्या गोंड्यातून एक धागा काढून चिमट्यात धरून जाळा. रेशीम हळू जळतं, केस जळल्याचा वास येतो, मागे उरलेली काळी गोळी बोटाने चुरते. पॉलिएस्टर वितळतं, कडक मणी होतो, चुरत नाही. सुती आणि व्हिस्कोस कागदासारखे जळतात. पण माहेश्वरी आणि चंदेरीत फसायला होतं. या साड्यांत बरेचदा ताणा (उभा धागा) रेशमाचा आणि बाणा (आडवा धागा) सुती असतो. पदराचे गोंडे ताण्याच्या धाग्यांचे. ते जाळून "शुद्ध रेशीम" ठरवलं तर चूक, आणि काठाकडचा आडवा धागा जाळून "सगळं सुती, फसवलं" म्हटलं तर तीही चूक. दोन्ही दिशांचे धागे वेगवेगळे तपासा आणि मग बिलावर किंवा टॅगवर काय लिहिलं होतं त्याच्याशी ताडा. "आर्ट सिल्क" लिहिलं असेल तर ते रेशीम नव्हेच, आणि तसं लिहिलेलं असताना फसवणूक म्हणता येत नाही. सिल्क मार्कचं, म्हणजे शुद्ध रेशमाच्या खुणेचं, लेबल असेल तर ते जपून ठेवा, त्यावर नंबर असतो.

आयोगात दोष नुसता पाहून कळत नसेल तर नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेत जातो, आणि त्याचं शुल्क तक्रारदाराला आधी भरावं लागू शकतं. म्हणून सगळा कपडा धुऊन-वापरून टाकू नका, एक भाग तसाच राहू द्या.

शिलाई_स्नेहलतागंज

माझ्याकडून थोडंच. फॉल-पिको झालेली साडी, ब्लाउजपीस कापलेली साडी, खालून दुमडून शिवलेली पँट: मापासाठी किंवा आवडीसाठी यांची बदली कुणी करत नाही. दोष असेल तर हक्क जात नाही, पण दुकानदार म्हणतो की भोक पिकोच्या मशीनने पडलं. फरक असा ओळखायचा. मशीनच्या सुईचं भोक काठाजवळ, शिलाईच्या रेषेत असतं. विणीतला दोष त्या रेषेपासून दूर, बहुधा आडव्या धाग्याच्या दिशेने सलग, आणि भिंगातून पाहिलं तर धागा तुटलेला नसून मुळातच भरलेला नसतो. म्हणून फॉल लावायला टाकण्याआधी साडी खिडकीसमोर धरून उजेडाविरुद्ध पाच मीटर पूर्ण बघा. फॉलला देणारीने नाही पाहिलं तर लावणारीने पाहून सांगावं, आमच्या कामात ती जबाबदारी धरली पाहिजे.

जाई_पलासिया

आहेरात आलेल्या साडीचं कुणी लिहिलं नाही. देणाऱ्याला पावती मागणं बरं दिसत नाही, आणि घडी उलगडली तर मध्ये वीण विरळ होऊन जाळं निघालेलं.

अॅड_रामबाग

कायद्याच्या दृष्टीने तुम्हीही ग्राहकच. विकत घेणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणारी व्यक्ती कलम २(७) मध्ये येते. भेट म्हटली की संमती आलीच.

गल्ल्यापलीकडून

व्यवहारात असं करा. खोक्यावर दुकानाचं नाव असेल तर एकट्याने जा आणि किंमत न विचारता एवढंच सांगा, "गिफ्ट में आई है, इसमें डिफेक्ट है, इसी रेंज में बदल दीजिए।" दुकानदाराला हा प्रकार रोजचा आहे, तो कोड बघून त्याच किमतीतल्या साड्या काढतो आणि आकडा तोंडाने बोलत नाही. पैसे मागू नका, ते परत द्यायचे तर मूळ घेणाऱ्यालाच देतात. लग्नानंतर जितके दिवस जातील तितकं अवघड, कारण कंपनीकडून किंवा विणकराकडून आलेला माल त्यालाही ठरावीक मुदतीतच मागे पाठवता येतो.

मालवी_माणूस

मोबाइल नंबर देण्याबद्दल माझं मत वेगळं आहे. नंबर दिला की जाहिरातींचा मारा सुरू होतो. ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ मध्ये दुकानांना सांगितलंय की बिलासाठी नंबरची सक्ती करू नका. मग तो "सोपा मार्ग" म्हणून कशाला सुचवायचा?

ओवी_सुदामानगर

सक्ती नाही हे बरोबर, आणि नकार दिला म्हणून कुणी बिल नाकारत असेल तर ते चूक. पण दर वेळी नाही म्हणायचं ठरवलं तर पावती जपायची जबाबदारी आपल्यावर येते, हेही तेवढंच खरं. महागडा कपडा असेल तर नंबर द्यावा, साध्या टी-शर्टला देऊ नये, असं माझं मत. नंबर द्यायचा नसेल तर गल्ल्यावरून हलायच्या आधी बिलाचा फोटो काढा, टॅगच्या दोन्ही बाजूंचा आणि बिलाचा एकाच फ्रेममध्ये. पुढच्या अर्ध्या अडचणी तिथेच मिटतात.

जाई_पलासिया

दुकानदाराने साडी घेतली, पण तिथे आवडीचं काही नव्हतं म्हणून क्रेडिट नोट दिली आहे. थर्मल कागदाची आहे, तीही पुसट होईल का?

गल्ल्यापलीकडून

होईल. या कागदावर शाई नसते, उष्णतेने काळा होणारा लेप असतो. प्लॅस्टिकच्या पाकिटात, तेलकट हातांनी, सॅनिटायझर लागून किंवा गाडीच्या डिकीत तापून अक्षरं उडतात. लॅमिनेशन करू नका, गरम रोलरखाली अख्खा कागद काळा पडतो. साध्या कागदी पाकिटात, अंधारात ठेवा आणि आजच फोटो काढा.

त्या नोटेवर तीन गोष्टी आहेत का ते पाहा: नोटेचा नंबर, रक्कम आणि शेवटची तारीख. तारीख छापलेली नसेल तर मॅनेजरकडून पेनने लिहून, सही-शिक्का घ्या. तोंडी "कभी भी आ जाइए" पुढे चालत नाही, कारण सहा महिन्यांनी काउंटरवर दुसरा माणूस असतो. साखळी दुकान असेल तर नोट शहरातल्या दुसऱ्या शाखेत चालेल का तेही आत्ताच विचारा, कारण फ्रँचायझीची शाखा असेल तर हिशेब वेगळा असतो आणि बहुधा चालत नाही. रक्कम थोडी थोडी करून वापरता येते की एकाच वेळी संपवावी लागते, हे दर दुकानाला वेगळं. एकदाच चालत असेल तर नोटेपेक्षा थोड्या जास्त किमतीचा कपडा निवडा आणि वरचे पैसे भरा, उरलेले सहसा परत मिळत नाहीत. वरचे पैसे म्हणजे नोटेची रक्कम आणि नव्या कपड्याची किंमत यांतला फरक, एमआरपीत सगळे कर धरलेले असतात, त्यावर वेगळा जीएसटी लावत असतील तर बिल थांबवून विचारा.